दगड की वही

पूर्वजाची कबर शोधायला निघालेला माणूस बहुधा चौथ्या पिढीतला असतो. मुलगा बापाची कबर ओळखतो, नातू आजोबांची ओळखतो, पणतू मोठ्यांच्या बोटाला धरून एकदोनदा तिथे जाऊन आलेला असतो. त्यापुढच्याला फक्त गावाचे नाव ठाऊक असते. श्राद्धातही पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांचीच नावे घेतात. त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य मानतात. त्यापलीकडचे पितर नावानिशी पिंडाचे धनी राहत नाहीत. दफनभूमी ओसाड पडते तीही साधारण याच सुमाराला. कुटुंब मुंबईला किंवा परदेशी गेलेले असते, गावात राहिलेला शेवटचा म्हातारा वारलेला असतो, आणि घाणेरीची झुडपे दोन पावसाळ्यांत वाट बुजवतात.

असा शोध घ्यावा की मेलेल्यांना मातीत मिळू द्यावे, या वादाला उत्तर कोकणात दातिवऱ्यासारखी जागा नाही. पालघर तालुक्यातले हे गाव वैतरणेच्या मुखाशी, उत्तर तीरावर आहे. पुराणांतली वैतरणी मेलेल्यांनी ओलांडायची नदी. तिच्या नावाशी जुळते नाव घेऊन ही नदी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि दातिवऱ्याला समुद्रात शिरते. त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे महाराष्ट्रातल्या असंख्य घराण्यांच्या नामावळ्या आहेत. मुखाच्या दक्षिणेला अर्नाळा आणि त्यापुढे वसईचा किल्ला आहे, जिथल्या पडक्या चर्चांच्या जमिनीत पोर्तुगीज काळच्या कबरींचे दगड बसवलेले आहेत. नदीच्या उगमाशी वह्या आणि मुखापलीकडे दगड, अशी ही मांडणी निसर्गानेच करून ठेवली आहे.

वादाच्या दोन बाजू इथे मामा-भाचीच्या तोंडी दिल्या आहेत. भाची मुंबईत राहते आणि परगावी गेलेल्या कुटुंबांना त्यांच्या जुन्या कबरी शोधून देते. मामांनी सगळे आयुष्य दातिवऱ्यात काढले आहे. ही माणसे कल्पित आहेत. त्यांची मते मात्र या किनाऱ्यावर खरोखर ऐकू येतात.

मामांचे पहिले म्हणणे असे. "बाय, आपल्या किनाऱ्यावर माणूस गेला की अग्नी देतात आणि अस्थी पाण्यात सोडतात. मागे काही उरू नये, हाच त्यातला हेतू. समुद्रावर गेलेला परतलाच नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. म्हणजे देह नसला तरी चालते, विधी झाला पाहिजे. मग दगडाशी अडून बसायचे कशाला?"

यावर भाचीचे उत्तर सरळ आहे. "मामा, सगळ्यांची रीत आपल्यासारखी नाही. आणि आपल्या घरातही लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. आजीची दोन मुले पुरलीच ना? ती कुठे, हे आज तुम्हाला तरी सांगता येईल का?"

"नाही येणार. तिथे खूण ठेवत नाहीत," मामा म्हणतात. "रोज डोळ्यांसमोर राहिले असते तर आजीला पुढे जगता आले नसते."

मामांच्या या वाक्यात विसर्जनाच्या बाजूचा सगळा जोर आहे. विसरणे हा हलगर्जीपणा असतो, असे नेहमी मानले जाते. पुष्कळ समाजांनी ते विचारपूर्वक ठरवलेले असते. मुसलमानांत कबर साधी, मातीची आणि जमिनीपासून वीतभर उंच असावी, तिच्यावर बांधकाम नसावे, असा मोठा मतप्रवाह आहे. त्यामुळे गावच्या कब्रस्तानात पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे असूनही नाव कोरलेले दगड थोडेच सापडतात. याच जिल्ह्यातल्या तारापूरला पारशांची जुनी वस्ती आहे आणि विकाजी मेहेरजी यांनी १८२० मध्ये बांधलेली अग्यारी आहे. पारशांमध्ये परंपरेने देह दख्म्यात, म्हणजे उघड्या मनोऱ्यात, ठेवतात, त्यामुळे कबरीचा प्रश्नच उरत नाही. पण ते पूर्वज विसरलेले नाहीत. मृतांच्या तिथी लिहून ठेवायची घरोघरी दिसा-पोथी असते आणि प्रार्थनांत पूर्वजांची नावे एकामागून एक घेतली जातात. आपल्या बाजूला मामांना याहून भक्कम साक्षीदार मिळणार नाही. दगड नसताना स्मरण टिकते, एवढे तारापूरच्या दाखल्याने सिद्ध होते.

मामा आणखी एक दाखला देतात. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या मोहिमेने हा सगळा किनारा पोर्तुगिजांकडून घेतला. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरच्या किल्ल्यावर बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. त्यांचे नाव टिकले ते पत्रांत आणि इतिहासात. "त्यांच्याबरोबर शेकडो माणसे पडली असतील," मामा म्हणतात, "त्यांची एक तरी पाटी दाखव."

"दाखवता येत नाही, हेच तर माझे दुखणे आहे," भाची म्हणते. "बाजी भिवराव सरदार, म्हणून पत्रात आले. बाकीच्यांना ना दगड, ना पत्र. वही मोठ्यांची नावे राखते, मामा. साध्या माणसाचे नाव कोरायला एक दगड पुरतो."

भाचीचा हा मुद्दा अर्धाच खरा आहे. दगडही सर्वांना मिळत नव्हता. वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत जे दगड आहेत ते ऐपतदार पोर्तुगीज घराण्यांचे आहेत. त्याच चर्चमध्ये जाणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती शेतकऱ्याला आणि मच्छिमाराला आत जागा नव्हती. मात्र दगडाचे एक वैशिष्ट्य भाची बरोबर ओळखते: तो जिथे आहे तिथलेच सांगतो. वहीतले नाव कुठेही नेता येते, दगड माणसाला त्या गावाशी बांधून ठेवतो.

शोध कसा घेतात, यावर दोघांचे फारसे दुमत नाही, आणि वादातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. शोधाची सुरुवात झाडी तोडण्याने करू नये. आधी कागद पाहावेत. कॅथलिक कुटुंब असेल तर चर्चचे दप्तर पाहावे: ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी बंधनकारक केल्या आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने दफनाच्या नोंदीचाही नमुना घालून दिला. इंग्रज किंवा अँग्लो-इंडियन कुटुंब असेल तर मुंबई इलाख्यातल्या दफननोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात; त्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. अशा दफनभूमींची नोंद ठेवण्यासाठी थिऑन विल्किन्सन यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये एक संस्थाही निघाली आणि तिने दक्षिण आशियातल्या हजारो थडग्यांची माहिती जमवली.

गावातल्या सर्व जातिधर्मांच्या माणसांसाठी याहून जवळचे साधन म्हणजे कोतवाल बुक. गावात कोण जन्मले, कोण वारले, हे कोतवालाच्या माहितीवरून लिहिले जाई. महसुली भाषेत हा गाव नमुना १४. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्या-तालुक्याच्या अभिलेख कक्षांतली ही बुके बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. आरक्षणासाठी उघडलेल्या याच पानांवर खापरपणजोबांच्या मृत्यूची तारीख आणि कारणही असते. पूर्वज शोधणाऱ्याने तहसील कार्यालयात आधी हे बुक मागावे.

मामांना हे सगळे मान्य आहे. त्यातूनच ते आपला मुद्दा काढतात. "कागदात तारीख मिळाली, कारण मिळाले, बापाचे नाव मिळाले. आता दगड सापडून काय जास्त मिळणार?"

"दगडावर जे असते ते कागदात नसते," भाची सांगते. "कोतवालाने मेलेल्याबद्दल लिहिले ते सरकारसाठी. दगडावर घरच्यांनी लिहवून घेतले. कुठल्या भाषेत लिहवले, कोणाच्या शेजारी पुरले, मुलाचे नाव आधी की बायकोचे, हे घरच्यांनी ठरवले."

याचे उत्तम उदाहरण कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचे आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी या ज्यू समाजाची परंपरा सांगते. बुडालेल्यांना नवगावलाच पुरले, असेही ती सांगते. तेलाचा धंदा आणि शनिवारची सुट्टी यांमुळे गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे गावांवरून पडली: पेणकर, किहीमकर, रोहेकर, नवगावकर. १९४८ नंतर यांतली बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली आणि कोकणातल्या त्यांच्या दफनभूमी मागे राहिल्या. तिकडे जन्मलेला नातू आज आजोबांचे गाव शोधत येतो तेव्हा आडनावच त्याचा वाटाड्या असते. गावात पोहोचल्यावर दगडावर त्याला हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी दिसतात. हा समाज दोन भाषांत जगला हे कुठल्याही पुस्तकात वाचता येते. खुद्द आपल्या पणजीचे नाव देवनागरीत कोरलेले पाहणे ही गोष्ट निराळी आहे. इथे भाचीची बाजू निर्विवाद वरचढ ठरते.

दगड वाचण्याचे एक शास्त्र आहे. कोकणातल्या खाऱ्या हवेत दगडाची कड आधी झिजते. जांभ्यावरची अक्षरे लवकर जातात, काळ्या दगडावरची त्या मानाने टिकतात. भर दुपारी झिजलेला लेख दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन असताना, नाहीतर आरशाने बाजूने उजेड टाकून, तोच लेख उठून दिसतो. मऊ ब्रश आणि साधे पाणी एवढेच साहित्य वापरावे. तारेचा ब्रश, आम्ल, खडू किंवा पीठ घासणे यांनी त्या दिवशीचा फोटो चांगला येतो आणि अक्षर मात्र कायमचे जाते. अक्षरे आहेत तशी उतरावी, चुकांसकट; जे दिसत नाही तिथे अंदाजाने शब्द भरू नये. प्रत्येक कबरीला क्रमांक देऊन जागेचा नकाशा काढावा, कारण शेजार हाही पुरावा असतो. लेख नसेल तर दिशा पाहावी: भारतातली मुसलमान कबर उत्तर-दक्षिण असते आणि मृताचा चेहरा पश्चिमेकडे वळवलेला असतो, ख्रिस्ती परंपरेत पाय पूर्वेला ठेवण्याची जुनी रीत होती. सालाचीही पारख लागते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. हिब्रू वर्षातून ३७६० वजा करावे लागतात, म्हणजे दगडावर ५६५० असेल तर साल १८९० च्या आसपासचे. पारशी यज्दगर्दी सनात ६३० मिळवतात. यात एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून महिनाही लिहून घ्यावा.

वसईचे पोर्तुगीज लेख वाचायला थोडा आणखी सराव हवा. त्यांत 'उ'च्या जागी 'व'चे अक्षर कोरतात, दोन अक्षरे एकात गुंफतात आणि शब्द अर्धेच लिहितात. त्या काळच्या पोर्तुगीज थडग्यांवर वारंवार येणारा एक मजकूर असा की ही कबर अमक्याची 'ए दे सेउश एर्देइरुश', म्हणजे 'आणि त्याच्या वारसांची'. कबर एका माणसाची नव्हती. घराण्यात कोणी वारले की तोच दगड उचलून त्याखाली पुढच्याला ठेवीत.

हे कळल्यावर मामांना आपला मुद्दा सापडतो. "म्हणजे पोर्तुगीजसुद्धा एका जागेवर एकाच मेलेल्याचा हक्क कायमचा मानत नव्हते. आज मुंबईतल्या कॅथलिक दफनभूमीतही काही काळाने कबर पुन्हा वापरतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. जमीन थोडी आहे, बाय. जिवंत समाजाला आपल्या मेलेल्यांसाठी जागा लागणारच. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या माणसासाठी ती अडवून ठेवायची का?"

भाची यावर जमिनीच्या कागदाकडे वळते. महाराष्ट्रात एखाद्या समाजाच्या दफनासाठी वा दहनासाठी वापरात असलेली जमीन आकारणीतून वगळली जाते आणि सातबाऱ्यावर पोटखराब वर्ग 'ब' म्हणून लागते. हा कागदावरचा शब्द फार मोलाचा आहे. त्याच्या आधारे ती जागा दफनभूमी आहे हे सिद्ध करता येते. तो निघून गेला तर पुढे कोणालाही ती पडीक वाटते. दफनाच्या जागी कोणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने घुसणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड विधानाचे कलम २९७ होते. हे कलम शिलालेख जपायला सांगत नाही, मृतांच्या जागेचा मान राखायला सांगते. "समाजाने आपली जागा पुन्हा वापरली तर माझी हरकत नाही," भाची म्हणते. "माझी भीती वेगळी आहे. वाळूने बुजलेली, कोणी विचारत नसलेली जागा एक दिवस प्लॉट म्हणून विकली जाते. तिथे ना जुना मेलेला उरतो, ना नव्याला जागा."

मामांना ही भीती खोटी वाटत नाही. मुंबईपासून लोकलच्या टप्प्यात आलेल्या सफाळे-पालघर पट्ट्यात जमिनीला काय भाव आला आहे, हे ते पाहत आले आहेत. इथे दोघांचे अंतर कमी होते, पण मिटत नाही. मामांना जागा राखायची आहे ती जिवंतांसाठी. भाचीला तिथले नाव राखायचे आहे.

नाव राखण्याचा मार्ग एका वैद्याने दीडशे वर्षांपूर्वीच दाखवून दिला. डॉ. जे. गर्सन दा कुन्हा मूळचे गोव्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे. चौल आणि वसई यांच्या इतिहासावरचे त्यांचे पुस्तक १८७६ मध्ये निघाले आणि त्यात त्यांनी वसईच्या पडक्या चर्चांतले थडग्यांवरचे लेख उतरवून छापले. त्यांनी ना फरशी हलवली, ना कुंपण घातले. कबरीतली माणसे त्यांची कोणी लागत नव्हती. त्यानंतर त्या दगडांवरून दीडशे पावसाळे आणि असंख्य पाय गेले आहेत. झिजलेले अक्षर लावताना अभ्यासक आजही त्यांची नक्कल उघडतात. त्र्यंबक-नाशिकच्या नामावळ्यांतही हीच युक्ती आहे: यात्रेकरू आपल्या हाताने आपले, भावांचे, मुलांचे नाव लिहून जातो आणि उपाध्याय ते गाव व आडनाव लावून पुढच्या पिढीसाठी ठेवतो. युटाच्या वंशावळ संस्थेने १९७७ पासून भारतातल्या तीर्थक्षेत्रांवरील अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण सुरू केले, ते याच कारणाने.

दगड आणि वही यांतून एक निवडायची वेळ आली तर हा लेख वहीच्या बाजूचा आहे, आणि त्या अर्थाने मामांच्या बाजूचा. दगड पडणार, जांभा झिजणार, वैतरणेच्या मुखाशी वाळू सरकत राहणार. पण वहीत काय उतरायचे हे ठरवण्यासाठी कोणीतरी दगडासमोर गुडघे टेकून बसायला हवे, आणि तिथे भाचीवाचून चालत नाही. तिच्या कामात एकच सुधारणा सुचवावीशी वाटते. आपल्याकडे आलेल्या कुटुंबाची कबर सापडली की ती काम थांबवते. त्या कुटुंबाचे काम तिथे संपते, दफनभूमीचे संपत नाही. ज्यांच्यासाठी कोणी शोध करत नाही, ज्यांचे वंशज आपले गावही विसरले आहेत, अशांचे दगड त्याच झाडीत असतात.

म्हणून जुन्या दफनभूमीत जाणाऱ्या प्रत्येकाला विनंती अशी: परवानगी घ्यावी, पावसाळा संपल्यावर जावे, सोबत पाणी, मऊ ब्रश आणि वही न्यावी. आपल्या माणसाचा दगड सापडला की त्याच्या दोन्ही बाजूंचे दगडही उतरवून घ्यावेत, नकलेवर गावाचे नाव आणि दिवस लिहावा, आणि एक प्रत गावच्या ग्रंथालयात किंवा ज्या समाजाची ती जागा आहे त्याच्या दप्तरात ठेवावी. निघण्यापूर्वी तलाठ्याकडे जाऊन त्या जागेचा सातबारा काढावा आणि पोटखराब वर्ग 'ब' हे शब्द अजून त्यावर आहेत ना, ते पाहून यावे.